गेजवर शून्य, सिलिंडरमध्ये 110

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मागच्या अंगाला कचरा दाबायचा आडवा कॉम्पॅक्टर आहे. पुठ्ठा, प्लास्टिक, मोडलेली पॅलेटं, सगळं कचरा टाकायच्या एकाच हॉपरमध्ये पडतं. कचरा दाबणारा रॅम अर्ध्यावर अडकलाय असा सकाळी फोन आला. पोचलो तेव्हा ऑपरेटर मामा हातात पहार घेऊन, हॉपरच्या काठावरून एक पाय आत टाकून बसलेले.

“मामा, आधी खाली उतरा.”

“अहो, इमर्जन्सी दाबलीय की!”

लाल बटणाने तुटतो तो फक्त कंट्रोलचा सप्लाय. पॅनेलमध्ये तिन्ही फेज जिवंतच असतात आणि ते बटण फिरवून सोडायला कुणालाही सेकंदभर पुरतो. त्यात हे मशीन ऑटोवर होतं. हॉपरच्या तोंडाशी फोटो सेन्सर असतो. त्याचा किरण ठरलेले सेकंद अडून राहिला की हॉपर भरलं असं समजून रॅम निघतो. समोर पुठ्ठा आहे की माणसाचा पाय, हे त्याला कळत नाही. कुणी बटण सोडवून ऑटो पुन्हा लावला असता, तर आत उतरलेल्या मामांनीच स्वतःच्या अंगाने रॅमला स्टार्ट दिला असता.

गेट उघडलं की मशीन थांबवणारा लिमिट स्विच उघडून पाहिला. दोन टर्मिनलांवर बोटभर लाल वायर. जम्पर! म्हणजे गेट उघडं असलं तरी मशीनला ते लावलेलंच वाटणार. बिजागरी झिजून दार 8 मिलिमीटर खाली बसलं होतं, स्विचचा रोलर पुरता दाबला जात नव्हता, त्यामुळे मशीन सारखं बंद पडायचं. बिजागरी बदलायच्या ऐवजी कुणीतरी वायर टाकून मोकळं झालं होतं.

मशीनचा सगळा सप्लाय तोडणारा मेन आयसोलेटर ऑफ करून माझं कुलूप लावलं, मामांना त्यांचं वेगळं लावायला सांगितलं. किल्ल्या ज्याच्या त्याच्या खिशात. मीटर आधी चालू लाइनवर तपासला, मग तिन्ही फेज एकमेकींशी आणि अर्थशी, मग परत चालू लाइनवर, म्हणजे मीटरच बिघडलेला नाही याची खात्री. शेवटी स्टार्टही दाबून पाहिलं. बरेच जण इथपर्यंत येतात आणि आत हात घालतात.

पंप-मोटरच्या पॉवर पॅकवरचं गेज शून्य दाखवत होतं. पण ते पंपाच्या लाइनवर. पंप थांबला की ते उतरणारच. रॅम ढकलणाऱ्या सिलिंडरजवळचा पायलट चेक व्हॉल्व्ह तेल आत कोंडून ठेवतो. तिथल्या टेस्ट पॉइंटला वेगळं गेज जोडलं: 110 बार. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) 150 मिलिमीटर, म्हणजे रॅममागे जवळपास 20 टन जोर, आणि तो सगळा ब्लेडपाशी तिरक्या रुतलेल्या एका फळीवर. मामा पहारीने फोडणार होते ती हीच फळी. पहार आधी त्यांच्याच छातीवर आली असती.

व्हॉल्व्ह चालवणाऱ्या सॉलेनॉइडची पिन हाताने दाबून हे प्रेशर जात नाही, कारण पायलट चेक उघडायलाही पंपाचंच प्रेशर लागतं. होजचं नट सैल करणं तर मुळीच नको. बारीक फटीतून सुटलेलं तेल कातडीत घुसतं. वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत बोट गमावायची वेळ येते. या सिलिंडरला टाकीकडे जाणारा नीडल व्हॉल्व्ह होता. तो पाव फेरा उघडला. काटा सावकाश खाली आला, 110, 70, 30, शून्य. तरी लगेच पुढे झालो नाही, कारण दाबलेला पुठ्ठा फुगून रॅमला मागे रेटतो. रॅम बोटभर सरकला, थांबला, तेव्हा त्याला जागीच अडवणाऱ्या लॉकिंग पिना घातल्या. फळी बाहेर उभं राहूनच काढली, दोन मीटरच्या आकड्याने.

बिजागरी नवी बसवली, जम्पर काढला, हत्यारं मोजून घेतली, कुलपं ज्याची त्याने काढली. मग रॅम चालू करून मामांना गेट उघडायला सांगितलं. दार दोन बोटं हललं आणि पंपाचा आवाज बंद झाला. गेट लावल्यावर रॅम आपोआप निघाला नाही. स्टार्ट दाबल्यावरच निघाला.