हात थरथरतोय हे डॉक्टरांना कुणी सांगायचं?

मानसिक आजाराच्या ओपीडीत बघा, पेशंट आत जातो पण बोलतात घरचे. झोप लागते का तर आई सांगणार, जेवतो का तर बायको सांगणार, आणि ज्याला गोळी गिळायची आहे तो मान खाली घालून बसलेला असतोय. हे बदलायलाच पाहिजे असं मला फार मनापासून वाटतंय. आमच्या घरात ते कसं बदललं ते लिहिते. भावाला विचारूनच लिहितेय, "लिही अक्का, फक्त नाव नको घालू" म्हणाला.

माझा धाकटा भाऊ कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोन्याचं काम करतो, जास्त करून कोल्हापुरी साज. त्याला बायपोलर आहे, म्हणजे कधी आठवडेच्या आठवडे अंथरुणातनं उठवत नाही आणि कधी एकदम उलटं, झोप नको, जेवण नको, रात्री दोनला नवीन डिझाईन काढत बसायचं, उधारीवर सोनं उचलायचं, सगळ्या पाहुण्यांना फोन. लिथियम चालू झालं आणि हे सगळं बरंच आटोक्यात आलं. औषध जुनंच आहे, ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी 1949 मध्ये मेनियाच्या, म्हणजे त्या झोप-नको अवस्थेच्या, पेशंटवरचे त्याचे परिणाम छापले होते, आणि आजही बायपोलरमध्ये त्याचा भरवसा मोठा आहे, आत्महत्येचा धोका कमी करणारं औषध म्हणूनही ते ओळखलं जातं.

पण त्याचा हात थरथरायला लागला. अगदी बारीक थरथर, चहाचा कप धरला तर आपल्याला कळणारही नाही. साजाचं काम मात्र म्हणजे जवाएवढा मणी, नखाएवढी पानडी, ती चिमट्यात धरून झाळायची आणि मग तारेत गुंफायची, तिथं चिमट्याचं टोक जरा हललं की पानडी वाकडी बसते आणि परत वितळवावी लागते. पहिल्या डॉक्टरांकडे नंबरला तासन् तास आणि आत दोन मिनिटं, त्यांनी "होतंय थोडं" म्हणून पुढच्या महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या. घरी आई म्हणायची हात थरथरतोय तर थरथरू दे, डोकं शांत आहे ना. आईनं त्या रात्री बघितल्यात, तिची भीती मला कळते. पण भावाच्या बाजूनं बघा, ज्या हातावर घर चालतंय तोच हात गेला तर डोकं शांत ठेवून करायचं काय? तो गोळ्याच सोडायच्या बेतात होता, कुणाला न सांगता. औषधं बऱ्याचदा अशीच सुटतात आणि मग सगळे म्हणतात पेशंट ऐकत नाही.

दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी पहिलाच प्रश्न त्याला विचारला, "दिवसभर हातानं काय काम करता?" त्यानं मोबाईल काढला आणि चिमटा धरलेल्या हाताचा व्हिडिओ दाखवला. मॅडमनी तो दोनदा बघितला आणि मग पहिल्यांदा तो स्वतः बोलायला लागला, आम्ही गप्प.

त्यातनं जे निघालं ते लिथियमवर असलेल्या प्रत्येक घराला माहीत पाहिजे. रक्तातली लिथियमची लेव्हल रात्रीच्या डोसनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी तपासायची, साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटरमध्ये ठेवतात. त्याची वरच्या कडेला होती, म्हणून मॅडमनी डोस थोडा उतरवला आणि आठवड्यानं परत तपासली. दमा नाही ना हे विचारून प्रोप्रॅनोलॉल थोडं दिलं, ते थरथरीवर चालतंय. कारखान्यात दिवसभर चहा चालू असतो, तो हळूहळू कमी करायला सांगितला, हळूहळूच, कारण चहा-कॉफी एकदम तोडली तर लिथियमची लेव्हल चढू शकते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वाकून बसून पाठ दुखते म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधनं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घेतात ना सगळे, ते लिथियमबरोबर स्वतःच्या मनानं घ्यायचं नाही, लेव्हल वाढते. जुलाब-उलट्या, भट्टीजवळचा घाम आणि पाणी कमी, अचानक मीठ तोडणं, यानंसुद्धा वाढते. थरथर एकदम जोरात आली, बोलणं जड झालं, चालताना तोल जायला लागला तर वाट बघायची नाही, सरळ दवाखाना. किडनी आणि थायरॉईड दर सहा महिन्यांनी बघतातच.

अमेरिकेत पॅट्रिशिया डीगन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, तरुणपणी त्यांनाच स्किझोफ्रेनियाचं निदान झालं होतं. त्या 'पर्सनल मेडिसिन' म्हणतात, म्हणजे माणूस ज्या गोष्टी केल्यानं बरा राहतो त्या, आणि गोळीनं त्या गोष्टींच्या आड येऊ नये. माझ्या भावाचं ते म्हणजे साज. त्यामुळं आता डोस ठरवताना रिपोर्टबरोबर "या महिन्यात काम कसं झालं" हेही विचारलं जातंय.

तो बरा असतानाच सगळ्यांनी बसून एक कागदही लिहिला. सलग दोन रात्री झोप चार तासांच्या खाली गेली की बायकोनं मॅडमना फोन करायचा आणि त्यानं भांडायचं नाही, ही अट त्यानंच घातली. कायद्यालाही हे मान्य आहे, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधी लिहून ठेवायचा आणि आपल्या वतीनं बोलणारा माणूस नेमायचा हक्क दिलाय, औषधाचे साईड इफेक्ट समजून घ्यायचाही. त्याच्यापुढं चहातनं लपवून गोळी देणं मला कधीच पटत नाही, एकदा कळलं की तो माणूस घरातल्या चहावरही विश्वास ठेवत नाही.

डॉक्टर कुठं गाठायचे कळत नसेल तर 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा, फोन आहे, मराठीतनं बोलता येतं. आणि आपल्याकडच्यांसाठी, 2019 च्या पुरात हायवे बंद पडला होता ते विसरू नका, पावसाळ्याआधी डॉक्टरांना सांगून थोड्या गोळ्या जास्तीच्या ठेवा.

आता भावाचा नवा प्रश्न आहे, हे औषध कधीतरी बंद होईल का? मॅडमनी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. लिथियम अचानक थांबवलं तर मेनिया उसळून यायचा धोका मोठा असतो, कमी करायचं झालं तर आठवड्या-महिन्यांच्या हिशोबानं हळूहळू, लेव्हल आणि झोप बघत. लग्नसराईत ऑर्डरी भरपूर आहेत, त्यात काही बदलायचं नाही असं त्यानंच सांगितलं. ती संपली की सगळे बसून बोलणार आहोत.