द्राक्षाची फाइल आणि कांद्याची ट्रॉली

निफाड तालुक्यातील माझ्या मामांच्या घरी देवघराशेजारच्या कपाटात एक जाडजूड फाइल असते. द्राक्षबागेच्या नोंदणीचे कागद, कोणत्या तारखेला कोणते औषध किती प्रमाणात फवारले याच्या मामींच्या हस्ताक्षरातील नोंदी आणि फळात औषधांचे किती अंश उरले हे सांगणारे प्रयोगशाळेचे रेसिड्यू रिपोर्ट तिच्यात वर्षवार लावलेले आहेत. जागतिकीकरणाविषयी बोलताना १९९१ चा अर्थसंकल्प आणि १९९५ मध्ये स्थापन झालेली जागतिक व्यापार संघटना यांचा उल्लेख होतो आणि तो योग्यच आहे. परंतु नाशिकमध्ये राहणाऱ्या मला ही प्रक्रिया खऱ्या अर्थाने समजली ती या फाइलमुळे.

युरोपात जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाने, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, २००६ मध्ये ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू केली. तिच्यात प्रत्येक प्लॉटची स्वतंत्र नोंदणी होते, त्यामुळे नेदरलँड्समधील एखाद्या दुकानातील डब्यात दोष आढळला तर तो माल कोणत्या गावच्या कोणत्या बागेतील आहे, हे शोधून काढता येते. मागील हंगामात मी एका पॅकहाउसमध्ये अर्धा दिवस बसून होतो. बारीक टोकाची कात्री घेतलेल्या बायका प्रत्येक घड केवळ देठाला धरून उचलत होत्या, कारण मण्यांवरचा पांढुरका थर बोटांनी पुसला गेला की माल हाताळलेला दिसतो आणि त्याची प्रत उतरते. एकजण गोल छिद्रे पाडलेल्या पट्टीतून मणी मोजून पाहत होती आणि लहान मणी कात्रीने अलगद काढून टाकत होती. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे. त्यांच्यापैकी अनेकजणी पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून हंगामापुरत्या आलेल्या होत्या.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. परदेशी खरेदीदार चांगल्या शेतीपद्धतीच्या ज्या ग्लोबलगॅप प्रमाणपत्राची अट घालतात, त्यात काढणीच्या मजुरांसाठी स्वच्छतागृह आणि हात धुण्याची सोय असावी लागते. आमच्या बागांमध्ये पिढ्यानपिढ्या बाया राबत आल्या, परंतु त्यांच्यासाठी आडोसा उभारावा असे आम्हाला आपणहून सुचले नाही. तो उभा राहिला तो परदेशातून आलेल्या तपासणीच्या कागदामुळे. बाहेरून आलेली प्रत्येक अट म्हणजे आपल्यावरील अन्याय, असे म्हणणाऱ्यांशी मी यासाठीच सहमत होऊ शकत नाही.

अर्थात या अटींची किंमतही मोठी आहे. २०१० मध्ये युरोपात पोहोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकून पडले. ते रसायन बागांमध्ये सर्रास वापरले जात होते आणि आपल्याकडील तपासणीच्या यादीत त्याचा समावेशच नव्हता. मामांचा माल त्या वर्षी गेला, पण पैसे आले नाहीत. मामींच्या पाटल्या मोडल्या गेल्या आणि सोसायटीचे कर्ज फिटायला पुढचे तीन हंगाम लागले. त्यानंतर यादी सुधारली, वापर थांबला आणि फाइल आणखी जाड झाली. आता कोणते औषध चालते, कोणते चालत नाही आणि काढणीच्या किती दिवस आधी फवारणी बंद करायची, याचा तक्ता ऑक्टोबर छाटणीच्या आधीच हातात पडतो. “कायदा कडक आहे, पण तो आधी कळतो,” असे मामा म्हणतात. माझ्या मते जागतिक व्यापारात टिकून राहण्यासाठी शेतकऱ्याला सर्वाधिक गरज याच एका गोष्टीची आहे.

कांद्याच्या बाबतीत नेमके हेच त्याच्या वाट्याला येत नाही. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. त्यानंतर ७ डिसेंबरच्या रात्री अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून निर्यात पूर्णपणे बंद झाली. डिसेंबर हा लाल कांद्याचा महिना असतो. उन्हाळ कांदा कांदाचाळीत चार-पाच महिने राहू शकतो. लाल कांद्यात पाण्याचा अंश अधिक असल्याने तो काढला की विकावाच लागतो. म्हणजे ज्याला थांबणे शक्यच नाही, त्याच्यावर हा निर्णय कोसळला. लासलगावला लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग रोखला गेला, आणि भरलेल्या ट्रॉल्या परत नेणाऱ्या माणसांचे चेहरे मी पिंपळगावच्या रस्त्यावर पाहिले आहेत.

शहरातील ग्राहकाला परवडणाऱ्या दरात कांदा मिळावा, ही सरकारची चिंता खोटी नाही. हातावर पोट असणाऱ्याच्या ताटात कांदा-भाकरीच असते. माझा आक्षेप रातोरात दार बंद करण्याला आहे. त्याची झळ सीमेपलीकडेही पोहोचते. २०१९ च्या सप्टेंबरअखेरीस अशीच बंदी आली, तेव्हा बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतील कार्यक्रमात, आधी कळवले असते तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती, अशा आशयाचे बोल ऐकवले होते. पुढे त्या देशाने खरोखरच तशी सोय केली. म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान येथून कांदा घेतला आणि स्वतःचे उत्पादनही वाढवले. गेलेले गिऱ्हाईक बंदी उठली म्हणून परत येतेच असे नाही.

आपणही या साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभे असतो, हे मात्र सहज विसरले जाते. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा आमच्या कॉलनीतील किराणा दुकानात तेलाच्या डब्याचा भाव विचारून लोक हळहळत होते आणि त्या देशाला दूषणे देत होते. इंडोनेशियाच्या सरकारने सांगितलेले कारणही आपल्यासारखेच होते: आधी आपल्या लोकांना स्वस्त मिळाले पाहिजे. ढाक्यातील गृहिणीने आपल्याविषयी काय म्हटले असेल, याची कल्पना मला त्या दुकानात उभे असताना आली.

४ मे २०२४ रोजी कांद्यावरील बंदी उठली, तीही प्रतिटन ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य (याहून कमी दराने निर्यात करता येत नाही) आणि ४० टक्के शुल्क यांच्यासह. २० मे रोजी आमच्या जिल्ह्यात लोकसभेचे मतदान झाले आणि दिंडोरी व नाशिक या दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या. दिंडोरीत तर केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या. पराभवाची कारणे अनेक असतात, परंतु त्या निवडणुकीत गावोगावच्या पारावर कांद्यावाचून बोलणे पुढे सरकत नव्हते, हे मी स्वतः ऐकलेले आहे. पुढे सप्टेंबरमध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही हटले.

दिवाळीत मी गेलो होतो तेव्हा मामी छाटणीनंतरच्या फवारण्यांच्या तारखा नव्या वहीत उतरवत होत्या आणि मामा बांधापलीकडे उन्हाळ कांद्याच्या रोपांचे वाफे पाहत होते. हा कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघेल, तेव्हा निर्यात चालू असेल का, असे मी विचारले. मामांनी उत्तर दिले नाही. वाकून वाफ्यातले तण काढत राहिले.