आधी वजन, की आधी ऑपरेशन?

"मॅडम, आईचं वजन जरा उतरू दे, मग दिवाळीनंतर ऑपरेशन केलं तर?"

गर्भपिशवीचा कॅन्सर झालेल्या बायकांच्या मुली-सुना मला हे नेहमी विचारतात. मी पुण्यात भूलतज्ज्ञ आहे. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते: त्यासाठी थांबू नका.

वजनाची भीती मात्र खोटी नाही. भूल दिल्यावर श्वास थांबतो आणि आम्ही नळी घालेपर्यंत फुप्फुसात साठलेल्या ऑक्सिजनवर भागवायचं असतं. जाड माणसात तो साठा लवकर संपतो. म्हणून मी खांद्याखाली उशा रचून कानाचं भोक छातीच्या हाडाच्या रेषेत आणते. या पाच मिनिटांत मी कोणाचीही घाई ऐकत नाही. पुढे दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात गॅस भरतात आणि टेबल डोक्याकडून खाली झुकवतात. पोटाचा सगळा भार छातीवर येतो. झोपेत घोरणाऱ्या बाईची काळजी ऑपरेशननंतरही रात्रभर घ्यावी लागते. घरचे घोरण्याचं सांगत नाहीत, ते मी मुद्दाम विचारते.

पोट उघडून ऑपरेशन केलं तर त्रास वाढतो. चरबीला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे टाक्यात पू होतो, जखम उसवते, आणि दुखतं म्हणून बाई हलत नाही. मग पायात गुठळी होण्याची भीती. दुर्बिणीने यातलं बरंचसं टळतं. म्हणजे ज्या बाईला दुर्बिणीचा सर्वात जास्त फायदा, तिच्यातच ती चालवणं सर्वात अवघड. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४०च्या वर असलेल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये दुर्बीण सोडून पोट उघडावं लागलं होतं. दुर्बिणीचं ऑपरेशन रोबोटच्या मदतीने होऊ लागल्यावर हे प्रमाण बरंच उतरलं. पण हात सरावलेला सर्जन आणि तयारीची टीम आधी शोधा.

मग थांबायचं का नाही? दोन महिन्यांत पाच-सहा किलो उतरले तरी माझं टेबलावरचं काम फारसं सोपं होत नाही. तिकडे गाठ मात्र वाढू शकते. त्याऐवजी आठ-दहा दिवसांत साखर आणि बीपी ताब्यात आणा, फुप्फुसाच्या व्यायामासाठी मिळतं त्या तीन चेंडूंच्या खेळण्यात श्वास ओढायचा सराव करा. तब्येत अगदीच साथ देत नसेल आणि आजार सुरुवातीचा असेल, तर हार्मोनच्या औषधावर काही काळ काढता येतो. तो निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांचा.

सदाशिव पेठेतल्या एक काकू आठवतात. वजन १०४ किलो. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि आठ महिने अंगावरून लाल जात होतं. आधी का नाही आलात, विचारलं तर म्हणाल्या, "गुडघ्यासाठी गेले होते तेव्हा डॉक्टर वजनावरून इतकं बोलले, की पुन्हा कोणासमोर कपडे सोडून झोपायची हिंमत होईना." मला तेव्हा फार वाईट वाटलं, आजही वाटतं. पाळी गेल्यावर अंडाशय थांबतात, पण चरबी इस्ट्रोजेन हे हार्मोन बनवत राहते आणि पिशवीचं अस्तर वाढत जातं. म्हणजे ज्यांना हा आजार होण्याची शक्यता जास्त, त्यांनाच आपण बोलून बोलून दवाखान्यापासून लांब ठेवतो. पाळी गेल्यानंतर एक डाग दिसला तरी लगेच यायला हवं; कॅन्सर असलाच, तर बहुतेक वेळा तो तेव्हा पिशवीतच असतो.

काकूंचं दुर्बिणीने निभावलं. संध्याकाळी नर्सचा हात धरून त्या खिडकीपर्यंत चालल्या. टाके सुकल्यावर मुलीने विचारलं, "आता वजन?" म्हटलं, आता जरूर. सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर निघून गेल्यावर अशा बायकांना पुढे धोका असतो तो हृदयाचा. काकू हल्ली रोज सकाळी सारसबागेत दोन फेऱ्या मारतात. परवा भेटल्या तेव्हा मी काट्याचं विचारलंच नाही, बीपी विचारलं.