बाकीचे सहा दिवस

दर पोळ्याला कोणी ना कोणी विचारतंच. बैल धुता, शिंगं रंगवता, झूल घालता, तोरणाखाली उभे करता, फक्त पूजत नाही. मग तुमचं ख्रिस्ती असणं रविवार सोडून दिसतं कुठं? तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाचं सांगतो.

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं. प्रसाद घेत नाही, नारळ फोडत नाही, पेरणीला मुहूर्त पाहत नाही. या 'नाही'च्या यादीलाच मी कित्येक वर्षं श्रद्धा समजत होतो. तेव्हाच्या मला आज दोन शब्द सुनवावेसे वाटतात, पण तो ऐकणाऱ्यातला नव्हता.

यवतमाळची सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं विद्यालय, 1983मध्ये पुण्याला गेली. शिकलेली माणसं तिकडे, आम्ही इथे पराटीत, कपाशीच्या शेतात. त्यामुळे मोठं उत्तर मागू नका. वजनकाट्याचं सांगतो.

कापसाचा दुसरा वेचा संपत आला होता. संध्याकाळी धुऱ्यावरच्या कडुनिंबाला ताणकाटा अडकवून मी बायांची बोचकी मोजत होतो. वेचणीची मजुरी दहा रुपये किलो. आकडा वहीत मांडला तशी एक म्हातारी म्हणाली, "बापू, तुमचा काटा बराबर नाई. डोक्यावरचं वझं मले समजते."

मी भडकलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "मावशी, मी चर्चमध्ये जाणारा माणूस. खोटं करीन का?"

ती गप्प झाली. बोचकं सोडून कापूस ढिगावर ओतला.

त्या रविवारी उपासनेत वाचनाची पाळी माझी होती. बायबलातलं लेवीय हे पुस्तक, अध्याय 19. शेताच्या कडेपर्यंत कापू नका, सरवा, म्हणजे कापणीत मागं राहिलेलं, गरिबाला राहू द्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवून घेऊ नका. आणि शेवटी शेवटी, वजनं खरी ठेवा. हे मीच मोठ्यानं वाचत होतो.

घरी येऊन युरियाचं न फोडलेलं पोतं काट्याला लावलं. पोत्यावर 45 किलो छापलेले, काटा 43वर थांबला. तीनदा लावून पाहिलं. मी मुद्दाम केलं नव्हतं, हे खरं. पण तिनं सांगितल्यावरही तपासलं नाही, ते मात्र मुद्दामच.

वहीत तिच्या नावावर 430 किलो होते, म्हणजे खरे 450. दोनशे रुपये घेऊन गेलो. तिनं ते न मोजता पदराला बांधले आणि विचारलं, "अन् बाकीच्या बाया?" त्यातल्या सहा जणी दुसऱ्या गावच्या टोळीतल्या, निघून गेलेल्या. पैसे टोळीवाल्याकडे दिले. पोचले का, ते मी आजवर विचारलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, यात ख्रिस्ती काय? बरोबर आहे. शेजारचे वारकरी काकाजी दरवर्षी वेचणीआधी काटा तपासून आणतात, त्यांना लेवीय लागत नाही. इथं मी अडतो. मला मात्र लागला.

आता काटा इलेक्ट्रॉनिक आहे. म्हातारी अजून येते वेचायला. बोचकं आधी डोक्यावर घेऊन उभी राहते, अंदाज घेते, मगच काट्याला लावू देते.