किस्लोव्स्की क्रमाने: डॉक्युमेंट्रीज उरकल्या, डेकालॉग अर्ध्यावर

मंडळी, अपडेटला उशीर झाला कारण डेकालॉग (पोलिश दिग्दर्शक किस्लोव्स्कीची, बायबलमधल्या दहा आज्ञांवरची दहा भागांची टीव्ही मालिका) सलग बघवतच नाही. एक भाग जेमतेम तासाभराचा, पण तो संपला की पुढचा लावायला हात उचलत नाही. सध्या पाचवा झालाय.

नवीन लोकांसाठी, किस्लोव्स्कीचं काम त्याने ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने बघायचं असं ठरवलंय. आपल्यातले बहुतेक जण त्याच्या शेवटच्या थ्री कलर्स सिनेमांपासून सुरू करतात आणि फार तर त्याआधीच्या व्हेरोनिकपर्यंत मागे जातात, त्यामुळे डोक्यात जो दिग्दर्शक बसतो तो निळा प्रकाश, प्राइसनरचं संगीत आणि थोडं गूढबिढ असा असतो. सुरुवातीच्या डॉक्युमेंट्रीजमध्ये हा माणूस औषधालासुद्धा सापडत नाही. तिथे नुसत्या सरकारी खिडक्या, कारखाने, मीटिंगा. 'हॉस्पिटल'मध्ये हाडाचं ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांचा हातोडा तुटतो आणि ते तसेच पुढे काम करत राहतात, यावर एका शब्दाची कॉमेंट्री नाही.

सगळ्यात आवडली ती 'टॉकिंग हेड्स' (1980). जन्म कधीचा, तू कोण, तुला काय हवंय, एवढेच प्रश्न, तान्ह्या बाळापासून चढत्या वयाने शंभर वर्षांच्या आजींपर्यंत. आजींना काय हवंय, तर अजून जगायचंय. बास. पंधराएक मिनिटांचा मामला आहे, आज रात्रीच बघून टाका.

आता मुद्दा. तो डॉक्युमेंट्री सोडून फिक्शनकडे का गेला याचं उत्तर क्रमाने बघितलं की आपोआप मिळतं, त्याला कॅमेऱ्याचीच धास्ती वाटायला लागली होती. 'नाइट पोर्टर' या डॉक्युमेंट्रीतला वॉचमन नियमांचा इतका भक्त की उघड उघड फाशी द्या म्हणतो, आणि किस्लोव्स्कीने ती टीव्हीवर दाखवायला विरोध केला, का तर त्या बिचाऱ्याची छी थू होईल म्हणून. मग 'स्टेशन'. वॉर्सा सेंट्रलवर रात्री शूटिंग केलं आणि पोलिसांनी सगळी फिल्म उचलून नेली, कारण एका मुलीने आईचा खून करून प्रेत सुटकेसमधून त्याच स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवलं होतं, ती कुठे दिसतेय का हे त्यांना बघायचं होतं. ती काही दिसली नाही, फिल्म परत मिळाली, पण दिसली असती तर आपण पोलिसांचे खबरे झालो असतो हे त्याच्या मनातून गेलं नाही. पुढे तो स्वच्छ म्हणायचा की खऱ्या अश्रूंची भीती वाटते, नटांच्या डोळ्यांत ग्लिसरीन घालता येतं.

आणि हे फिक्शन शिकला कुठे, तर टीव्हीवर! हे आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही. 'पर्सोनेल' (1975) टीव्हीसाठीच केलेली. ऑपेराच्या शिवणखात्यात कामाला लागलेला पोरगा, शेवटी त्याला सहकाऱ्याविरुद्ध तक्रार लिहायला बसवतात, समोर कोरा कागद, आणि फिल्म तिथेच संपते. किस्लोव्स्की स्वतः थिएटर टेक्निशियनच्या कॉलेजात शिकलेला, त्यामुळे त्या खोल्या इतक्या ओळखीच्या वाटतात. (त्याच्या आधी फायर ब्रिगेडच्या ट्रेनिंगमधून पळ काढला होता आणि लोड्झच्या फिल्म स्कूलने दोनदा नाकारून तिसऱ्यांदा घेतलं, हे आपल्या एफटीआयआयच्या रिजेक्टेड मंडळींसाठी.)

'ब्लाइंड चान्स' 1981 मध्ये तयार, पण पोलंडमध्ये मार्शल लॉ (लष्करी कायदा) आला आणि ती 1987 पर्यंत डब्यात. त्याच काळात कोर्टात खटले शूट करायला गेला तर कॅमेरा दिसला की न्यायाधीश शिक्षाच देईनात, मग वकीलच त्याला बोलवायला लागले, आणि तो रीळ न घालता कॅमेरा लावून बसायला लागला. पिसिएविच हा वकील त्याला त्या भानगडीत भेटला आणि पुढे सगळ्या पटकथा दोघांनी मिळून लिहिल्या. दहा आज्ञांची आयडियाही पिसिएविचचीच.

डेकालॉगच्या नोंदी थोडक्यात. दहा भागांना नऊ कॅमेरामन, फक्त सोबोचिन्स्कीकडे दोन आहेत, तिसरा आणि नववा, त्यामुळे बिल्डिंगा त्याच असून प्रत्येक भागाचा उजेड वेगळा. दुसऱ्यात ग्लासातून वर चढणारा किडा मी रिवाइंड करकरून बघितला. पाचव्यात इद्झिआकने हिरवट फिल्टर लावून वॉर्सा इतकं घाण करून ठेवलंय की खुनाच्या आधीच पोटात ढवळतं. आणि वेगवेगळ्या भागांत नुसता दिसून जाणारा तो न बोलणारा माणूस (नट आर्तुर बार्चिश), त्याच्यावर नजर ठेवा, सातव्या आणि दहाव्यात तो नाही म्हणतात. मला तो देवबिव वाटत नाही. डॉक्युमेंट्रीवाला किस्लोव्स्कीच तिथे उभा आहे, बघणारा, मधे न पडणारा, असं माझं मत, भांडायला या.

पुढचा प्लॅन. पाचव्या आणि सहाव्याच्या मोठ्या आवृत्त्या थिएटरसाठी केल्या होत्या, पैसे कमी पडत होते म्हणून. पाचव्याची, 'शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग', लगेच बघणार नाही, तेवढा दम नाही. पण सहावा आणि त्याची मोठी आवृत्ती 'शॉर्ट फिल्म अबाउट लव्ह' यांचे शेवट वेगवेगळे आहेत, म्हणून ते दोन एकाच रविवारी, आधी टीव्हीवाला.