पुरानंतर पहिल्यांदा बोटीत

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चिखलीत शिरलं, तेव्हा आम्हाला रबरी बोटीतून बाहेर काढलं होतं. त्यानंतर मी बोटीत पाय ठेवला नव्हता. रंकाळ्यावरसुद्धा काठावरूनच परत यायची. त्यामुळं लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून ह्यांनी केरळात आलेप्पीला हाऊसबोटीत राहायचं काढलं, तेव्हा आठ दिवस माझं हो-नाही चाललं होतं.

मिरजेहून पूर्णा एक्सप्रेसनं एर्नाकुलम, पुढं बसनं आलेप्पी. बोट ह्यांनी फोनवरच ठरवून आगाऊ पैसे पाठवले होते. धक्क्यावर गेलो तर फोटोतली बोट नव्हतीच. दाखवली ती वेगळीच, गाद्या ओलसर आणि दोघांत मिळून लाइफ जॅकेट एक. मी चढले नाही. पैसे बुडाले, त्याचं वाईट वाटलं, पण आजही तेच केलं असतं.

मग पुन्नमडाच्या फिनिशिंग पॉइंटवर गेलो. तिथं बोटी रांगेनं लागलेल्या असतात. चार बोटींत स्वतः चढून बघितलं. परवाना, जॅकेटं, एसी किती वाजता लावणार (बऱ्याच ठिकाणी रात्रीच लावतात) हे विचाराच, पण बोट प्रत्यक्ष चालणार किती तास, ते आधी विचारा. दुपारी बाराला चढून सकाळी नऊला उतरायचं असलं, तरी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट काठाला बांधतात. रात्री पाण्यात मच्छीमारांची जाळी असतात.

निघाल्यावर मी खांब धरून बसले. बोट चालवणाऱ्या दादांच्या ते लक्षात आलं असावं. मोडक्या हिंदीत बोलत त्यांनी फळ्यांचा सांधा दाखवला. खिळा नाही, सगळं काथ्यानं शिवलेलं, वरून काळं तेल चढवलेलं. म्हणून हिला केट्टुवळ्ळम म्हणतात, बांधलेली होडी. पूर्वी हिच्यातून भात जायचं. मी त्या टाक्यांवरून हाताचं बोट फिरवलं. गोधडीच्या टाक्यांसारखे सरळ, पण दगडासारखे घट्ट. तेव्हा कुठं खांबावरचा हात सुटला.

कुट्टनाडात शिरलो आणि पुन्हा हात गार पडले. कालव्याचं पाणी वर, बांधापलीकडं भातशेती खाली! समुद्रसपाटीपेक्षाही खोल जमीन, पाणी पंपानं उपसून पिकवलेली. आमच्याकडं नदी अशी वर दिसली की माणसं जनावरं सोडायला धावतात. इथं बांधावर एक बाई निवांत भांडी घासत होती. 2018 च्या पुरात हा भागही बुडाला होता. मी हात केला, तिनंही केला.

जेवायला करीमीन मासा तळलेला. चवीला छान, पण तिखट कमी, घरची चटणी काढलीच.

रात्र मात्र जड गेली. बोटीखाली पाणी डुबुक डुबुक वाजत होतं. पुरात माडीवर अडकलो होतो, तेव्हा रात्रभर जिन्यात हाच आवाज होता. हे काही बोलले नाहीत. दिवा लावून शेजारी बसून राहिले. कधीतरी पहाटे माझा डोळा लागला.

सकाळी उतरल्यावर ह्यांनी बस स्टँडकडं जायला रिक्षा बघायला सुरुवात केली. कोट्टायमला सरकारी बोट जाते, अडीच तासांत पोचते, हे मी दादांकडून विचारून ठेवलं होतं. म्हटलं, "बसनं नको, बोटीनं जाऊया." हे माझ्याकडं बघतच राहिले. मग दोन तिकिटं काढली, आणि कडेच्या बाकावर मी बसले.