एसीच्या खोलीत केशर: दमटपणा किती, उजेड कधी

केशराचं फूल कंदातल्या शिदोरीवर उमलतं. त्यामुळे पुण्यातल्या बंद खोलीतही, माती-पाण्याशिवाय नुसत्या ट्रेमध्ये फुलं येतात. पुढच्या वर्षीचा कंद मात्र उजेडावर पोसतो, आणि तिथेच बहुतेकांचं गणित फसतं.

काश्मीरहून कंद आले की वजन करा. 8 ग्रॅमखालचे सहसा फुलत नाहीत, ते बाजूला काढा. बाकीचे शेंडा वर करून एकाच थरात मांडा. आत कळी धरते ती 23 ते 27 अंशांत. तेव्हा अंधार चालतो. कोंब वर आले की खोली टप्प्याटप्प्याने 17 अंशांवर आणायची आणि दमटपणा 80 ते 85 टक्के ठेवायचा.

हवा दमट हवी, कंद कोरडा. 17 अंश आणि 85 टक्के या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो, साडेचौदा अंशांच्या आसपास येतो. एसीचा झोत त्याहून गार असतो. झोतात सापडलेला ट्रे थंड पडतो, त्यावर दव धरतं, सालीवर हिरवट बुरशी येते आणि कंद बोटाने दाबला तर मऊ लागतो. म्हणून कुज बहुधा एसीसमोरच्या रांगेपासून सुरू होते. झोत छताकडे वळवा, छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून लावा, ह्युमिडिफायरचं धुकं ट्रेवर पडू देऊ नका. त्यात बोअरचं पाणी घातलं तर सगळीकडे पांढरी पूड बसते, आरओचं घाला. एसी हवेतलं पाणी बाहेर टाकणार, ह्युमिडिफायर आत ओतणार. या ओढाताणीचं वीजबिल आधीच धरा.

स्वस्त आर्द्रतामापकावर डोळे झाकून विश्वास नको. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा (विरघळू द्यायचं नाही) आणि मापकासोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी 75 दिसायला हवं. 68 दाखवत असेल तर रोज 7 मिळवून वाचा.

फुलं येईपर्यंत उजेडाचं सोपं आहे. कोंबांना दिवसाचे आठ-दहा तास मंद उजेड पुरतो. अजिबात नसेल तर ते फिकट, लांबुडके होतात.

फुलं वेचली की कंद लगेच भुसभुशीत, निचऱ्याच्या मातीत लावा. आता पातींना खरा उजेड लागतो: पांढऱ्या एलईडीखाली 200 मायक्रोमोल (झाडाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप), म्हणजे लक्समीटरवर तेरा-चौदा हजार, रोज 11-12 तास. साध्या ट्यूबलाइटखाली पाती हिरव्या दिसतात, पण खाली कंद भरत नाहीत. दिवे बंद झाले की खोली गार होते आणि दमटपणा उसळतो. पंखा रात्रीही चालू हवा. साधारण एप्रिलपर्यंत पाती पिवळ्या पडतात, मग पाणी तोडायचं.

100 किलो कंद, प्रत्येकी 10 ग्रॅम धरले तर 10,000 नग. कंदाला एक फूल आणि साधारण 150 फुलांना 1 ग्रॅम सुकं केशर धरलं, तर हाती 65 ग्रॅमच्या आसपास येतं. खोलीतल्या केशराच्या प्रशिक्षणाची फी भरण्याआधी हा आकडा कागदावर लिहून बघा.